हँडल, क्लच आणि माझी मनगटं

मुंबईत बाइकवाल्याला चांगले रस्ते बंदच आहेत. सी लिंकवर दुचाकी नाही, ईस्टर्न फ्रीवेवर नाही, अटल सेतूवर नाही, म्हणजे उरलेली सगळी गर्दी जिथे कोंबलेली असते तिथेच आपण. त्यातून माझ्या वाट्याला येतो भांडुप ते कांजूर हा एलबीएस रोडचा पट्टा, पहिला गिअर टाका, गाडी दोन हात पुढे न्या, परत क्लच दाबा, परत थांबा. ऑफिस लोअर परळला. तिथे पोचेपर्यंत डाव्या अंगठ्याचं मूळ ठणकायला लागायचं आणि उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर, इतकं की डब्याची पिशवी करंगळीत अडकवलीय की नाही ते बघून खात्री करायला लागायची.

बाइक ॲडव्हेंचर टाइपची आहे, पुढचं चाक 21 इंची, सेकंडहँड घेतलेली. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी मिळाला तर माळशेज, कसारा, असं काहीतरी. मित्रांना विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, रायझर टाक, म्हणजे हँडलखाली बसवून त्याला उंच करणारा ठोकळा. कोणी म्हणे एक इंच, कोणी म्हणे दीड, एकाने तर घरी पडून असलेला आणून देतो म्हणून सांगितलं. पण कुठे दुखतं, कधी दुखतं, बसून दुखतं की उभं राहून, हे एकानेही विचारलं नाही, पाठ दुखो नाहीतर मनगट, औषध रायझरच.

विचारलं ते फिजिओथेरपिस्ट बाईंनी. त्यांचं पहिलं म्हणणं हे की तुमची दुखणी दोन आहेत आणि दोन्हीची कारणं वेगळी असणार. कोपरातून येणारी अल्नर नस तळहाताच्या करंगळीकडच्या गादीखालून जाते, तिथे वजन पडत राहिलं आणि वर व्हायब्रेशन मिळालं की करंगळी आणि अर्धी अनामिका झोपते. सायकलवाल्यांना हे इतक्या वेळा होतं की त्याला हँडलबार पाल्सी असं नावच पडलंय. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर झालं असतं तर ती वेगळी नस, मीडियन, म्हणजे कार्पल टनेलवाली गोष्ट. आणि डाव्या हाताचं म्हणजे मनगट मागे वाकवून दिवसभर क्लच ओढल्यामुळे अंगठ्याच्या बाजूचे स्नायूबंध चिडलेत. व्यायाम दिले, शेक दिला, आणि म्हणाल्या गाडीवर बसलेला बाजूने काढलेला फोटो आणा, चालवताना बसता तसे बसा, फोटोसाठी ताठ नको.

तो फोटो भाच्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढला आणि त्यात जे दिसलं ते बघून मीच चाट पडलो. कोपरापासून बोटांपर्यंत हात एका सरळ रेषेत असायला हवा ना, इथे मनगटाशी चक्क कोन पडला होता. बोटं वर उचलून लिव्हरवर ठेवलेली, मनगट खाली खचलेलं, आणि कोपर बरगडीला चिकटलेलं. बाई म्हणाल्या, व्यायाम कितीही करा, हा कोन राहिला तर मी दर महिन्याला तुमच्याकडून फी घेत राहीन.

मग ठरवलं की आधी जे फुकटात होतं ते सगळं करायचं, रायझर शेवटी. आणि क्रम पाळायचा, म्हणजे सीट, मग हँडल, मग लिव्हर, मग आरसे, कारण वरचं हललं की खालचं सगळं हलतं. लिव्हर आधी सेट केला आणि मग हँडल फिरवलं तर केलेलं सगळं वाया.

सीटचं फार काही करता येत नाही, पण आपण नक्की कुठे बसतो ते बघितलं पाहिजे. माझी सीट पुढे टाकीकडे उतरती आहे, ब्रेक मारला की जीन्स घसरते आणि अंग टाकीला जाऊन टेकतं, मग हात जास्त वाकतात आणि सगळं वजन तळहातावर. मी सीटवर जिथे खरंच आराम पडतो तिथे एक चिकटपट्टी लावली आणि पुढची सगळी मापं तिथे बसून घेतली. गुडघ्यांनी टाकी धरायची सवय पण लावून घेतली. ही सवय नसली ना तर हँडल कुठेही ठेवा, ब्रेकच्या वेळी हातच अंग तोलतात.

आता हँडल. बऱ्याच हँडलांवर, ते धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या जागी, एक बारीक पंच मार्क असतो, खिळ्याने टोचल्यासारखा ठिपका, आणि तो खालच्या आणि वरच्या क्लॅम्पच्या मधल्या फटीशी जुळवायचा असतो. माझ्या गाडीवर धूळ आणि ग्रीस पुसल्यावर तो ठिपका दिसला आणि तो फटीपासून चांगला 4 मिमी मागे होता. ऐकायला काहीच नाही, पण 22 मिमीच्या पाइपचा घेर 70 मिमीपेक्षा थोडा कमी असतो, म्हणजे 4 मिमी सरकणं म्हणजे हँडल जवळजवळ 20 अंश मागे फिरवलेलं. आधीच्या मालकाने स्वतःच्या सोयीने केलं असणार, त्याला दोष नाही, हँडल मागे ओढलं की पार्किंगमध्ये बसल्यावर मस्त वाटतं, हात जवळ येतात. पण मागे फिरवलं की दोन गोष्टी होतात. हँडलची टोकं खाली-मागे झुकतात, म्हणून कोपर अंगाला चिकटतं आणि तळहाताची बाहेरची कड ग्रिपवर टेकून राहते. आणि हँडलबरोबर लिव्हर वर उठतात, म्हणून बोटं वर करून क्लच धरायला लागतो. माझ्या उजव्या करंगळीचा आणि डाव्या अंगठ्याचा हिशोब त्या 4 मिमीतच निघाला म्हणायला हरकत नाही.

फिरवायला काही विशेष लागत नाही, ॲलन की आणि धीर. टाकीवर जुनी चादर टाकली, वरच्या क्लॅम्पचे चारही बोल्ट थोडे थोडे सैल केले, पूर्ण काढले नाहीत, आणि हँडल हाताने पुढे ढकललं. कुठपर्यंत, तर सुरुवातीला हँडलचा वर चढणारा भाग पुढच्या शॉकअपच्या रेषेत येईपर्यंत. बाजूला उभं राहून एक लाकडी पट्टी शॉकअपला समांतर धरली आणि हँडलच्या चढाशी ताडून बघितली, ठिपका पण जवळपास तिथेच येत होता. ही जागा म्हणजे न्यूट्रल. इथून पुढेमागे दोन-तीन अंशांचा खेळ आपल्या अंगाप्रमाणे करायचा, जास्त नाही. जास्त मागे घेतलं तर गाडी वळवताना हात खाली ढकलायच्या ऐवजी आडवे ओढले जातात आणि वळणात गाडी थोडी आळशी वाटते, जास्त पुढे घेतलं तर खांद्यांवर येतं.

घट्ट करताना मात्र गडबड करू नये. काही गाड्यांत वरच्या क्लॅम्पवर बाण किंवा ठिपका असतो, तो पुढे करून पुढचे बोल्ट आधी पूर्ण आवळायचे आणि मग मागचे, फट फक्त मागे राहते. काहींत दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवायची असते. आपापलं मॅन्युअल बघावं. 8 मिमीच्या बोल्टला साधारण 20 ते 25 न्यूटन मीटर एवढा टॉर्क असतो, म्हणजे आपण पान्याला लटकून आवळतो त्यापेक्षा बराच कमी. क्लॅम्प ज्यावर बसतो तो खालचा टी, म्हणजे शॉकअपना जोडणारा आडवा तुकडा, ॲल्युमिनियमचा असतो, त्यातले आटे गेले की बोल्टचं नाही, टीचं बिल येतं. टॉर्क रेंच मी नागदेवी स्ट्रीटवरून घेतला. गॅरेजवाला दादा हसला, म्हणाला हाताला कळतं शेठ. त्याच्या हाताला कळतं, ते खरंय. माझ्या नाही.

इथे एक अडचण येते जी आधी कोणी सांगत नाही. स्विचच्या डब्यांच्या आत एक छोटी पिन असते आणि ती हँडलला पाडलेल्या भोकात बसते, त्यामुळे हॉर्न-इंडिकेटरचा डबा वेगळा फिरवता येत नाही, हँडलबरोबरच फिरतो. मला ते चाललं. पण बाहेरचं नवीन हँडल घेणार असाल तर त्यात ही भोकं पाडायला लागतील किंवा पिन घासून काढायला लागेल, आणि भोक जरा चुकलं की अंगठा आयुष्यभर हॉर्न शोधत बसणार. मुंबईत.

लिव्हरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. डोळे मिटून, चिकटपट्टीच्या जागी बसून, हात सैल सोडून ग्रिपवर टाकायचे आणि बोटं सरळ करायची. बोटं लिव्हरच्या वर अलगद पडली पाहिजेत, वर उचलायला लागली तर लिव्हर वर आहे, मनगट पुढे मुडपायला लागलं तर खाली. मग क्लॅम्पचा बोल्ट सैल करून लिव्हर आत सरकवला, ग्रिपपासून थोडा हँडलच्या मध्याकडे, जेणेकरून माझी दोन बोटं लिव्हरच्या टोकाजवळ येतील. साधी तरफ आहे, टोकाला धरलं की जोर कमी लागतो. आधी मी लिव्हरच्या मधोमध धरत होतो आणि चार बोटांनी ओढत होतो, आता दोन बोटांत काम होतं आणि उरलेली दोन ग्रिपवर राहतात.

क्लच जड असण्याचं निम्मं कारण मात्र लिव्हर नव्हतंच, केबल होती. आपल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात केबल आतून सुकते, गंजते. वरचं टोक सोडवून प्लास्टिकची पिशवी नरसाळ्यासारखी बांधली आणि पातळ तेल हळूहळू आत सोडलं, खालून आधी काळं पाणी आलं मग तेल. नंतर फ्री प्ले, म्हणजे क्लच ओढला जायच्या आधीची लिव्हरची ढिलाई, लावला, लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 15 मिमी. अजिबात प्ले ठेवला नाही तर क्लच प्लेट अर्धवट सुटलेली राहते आणि झिजते, फार ठेवला तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि न्यूट्रल सापडत नाही, सिग्नलला नुसती टकटक.

ब्रेकच्या बाजूला लिव्हरबरोबर मास्टर सिलिंडर पण फिरतं, म्हणजे ऑइलची डबी तिरकी होते. थोडी चालते, पण इतकी नको की काचेतून पातळी दिसेना किंवा ब्रेक होजचं, म्हणजे ऑइलच्या नळीचं, तोंड ओढलं जाईल. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग खातं, म्हणून डबीखाली ओलं फडकं ठेवायचं. आणि दोन्ही लिव्हरचे बोल्ट इतकेच आवळायचे की हाताच्या जोराने लिव्हर सरकेल पण चालवताना हलणार नाही. गाडी पडली की लिव्हर फिरतो, तुटत नाही. डर्ट बाइकवाले तर क्लॅम्पखाली प्लंबरची पांढरी टेप गुंडाळतात, मी पण गुंडाळली.

एवढं केल्यावर ऑफिसच्या रस्त्यावर फरक पडला, करंगळी दादरपर्यंत जागी राहायला लागली. पण घोडबंदरच्या गायमुखकडे गेलो, खड्ड्यांत फुटरेस्टवर उभा राहिलो आणि हँडल एकदम खाली गेल्यासारखं वाटलं. कमरेत वाकायला लागत होतं, आणि वाकलं की वजन परत हातांवर.

उभं राहून चालवायचं गणितच वेगळं आहे. गुलमर्गला गेलो होतो तेव्हा बर्फावरची स्नोमोबाइल चालवायला मिळाली होती, त्यात क्लच नाही, गिअर नाही, एक्सिलेटर उजव्या अंगठ्याने दाबायचा आणि ब्रेक डाव्या हाताला, हँडल फिरवलं की पुढच्या पट्ट्या वळतात. ती सपाटीवर बसून चालवायची साधी होती, पण डोंगरउतारावरच्या खास मॉडेलना हँडलखाली चांगला उंच रायझर देतात आणि मधे धरायला पट्टा असतो, कारण तिथला माणूस बहुतेक वेळ उभा असतो आणि उताराच्या आडवं जाताना एका बाजूला वजन टाकतो. बसायच्या उंचीला हँडल लावलं तर तो बिचारा दिवसभर वाकून मरेल. उभं राहिल्यावर हात वरून खाली येतात, म्हणून हँडल थोडं उंच हवं आणि लिव्हर थोडे खाली झुकलेले हवेत. बसणाऱ्याला नेमकं उलट. दोन्ही एकाच सेटिंगमध्ये शंभर टक्के बसत नाही. मी नव्वद टक्के वेळ बसून असतो, म्हणून लिव्हर बसायच्या जागेपासून जरासेच खाली केले, मनगट सरळ रेषेतून किंचित पुढे गेलं तरी चालेल पण मागे मोडायला नको, एवढी हद्द ठेवली.

म्हणजे रायझर लागणारच होता. पण आता किती लागतो ते कळत होतं. फुटरेस्टवर उभं राहून, गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून हात सोडले आणि ग्रिप किती खाली राहते ते भाच्याने टेपने मोजलं. 25 मिमी पुरत होते, दीड इंच वगैरे कशाला. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची की शॉकअप मागे कलते असतात, क्लॅम्प पण बहुधा त्याच कलात असतो, त्यामुळे 25 मिमी वर गेलं की हँडल साधारण 10 मिमी मागेही येतं. म्हणून फार उंच रायझर घातला की परत कोपर अंगाला चिकटलं.

रायझर कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाला. बरोबर आलेले बोल्ट चकचकीत स्टीलचे होते, दिसायला सुंदर, गंजणार नाहीत, पण डोक्यावर ताकदीचा कुठलाच आकडा नाही. ते बाजूला ठेवून परत नागदेवीला गेलो. तिथल्या काकांनी डबा उपडा केला आणि मी एकेक बोल्ट उजेडात धरून डोक्यावरचं 8.8 वाचत बसलो. काका म्हणाले, कशाला लागतात? हँडलला म्हटल्यावर त्यांनीच दोन बोल्ट परत डब्यात टाकले, आट्यांवर चरा होता म्हणून. लांबी अशी घेतली की रायझर ओलांडून टीमध्ये निदान 12 मिमी तरी आटे धरतील. बोल्टच्या जाडीइतके आटे हे कमीत कमी, दीडपट असले तर उत्तम.

रायझर बसवल्यावर जे तपासायचं ते टाळू नका. गाडी चालू करून न्यूट्रलमध्ये हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. कुठेही रेस वाढली तर एक्सिलेटरची केबल ताणली जातेय, आणि ही गोष्ट यू टर्न घेताना जीव घेऊ शकते. माझी उजवीकडे पूर्ण वळवल्यावर किंचित वाढत होती. केबल हेडलाइटच्या मागच्या एका क्लिपमधून वळसा घेऊन जात होती, तो वळसा काढून सरळ नेली की 20 मिमी लांबी मोकळी झाली आणि रेस स्थिर. क्लचचा प्ले पण दोन्ही टोकांना बघायचा, ब्रेक होज पुढचा शॉकअप पूर्ण वर असताना ताठ होत नाही ना ते बघायचं, वायरिंग टीमध्ये चेपत नाही ना ते बघायचं. होज पुरत नसेल तर लांब होज घ्यायचा, ओढून बसवायचा नाही.

रुंदी मी वाढवली नाही. रुंद हँडलने कच्च्यात गाडी सोपी वळते हे मान्य, पण बेस्टची बस आणि रिक्षा यांच्या मधून जायचंय मला, तिथे आरसे आधीच कानाला लागतात.

राहिलं व्हायब्रेशन. सिंगल सिलिंडर आहे, थरथरणारच. फोमच्या ग्रिप आपल्याकडे घेऊ नका, पावसात पाणी पितात आणि पिळलं की बाहीत जातं. मी थोड्या जाड रबरी ग्रिप घेतल्या आणि टोकाला वजनं लावली. वजनाने थरथर जात नाही, हँडलची स्वतःची लय बदलते आणि जास्त त्रास देणारा स्पीड दुसरीकडे सरकतो. माझ्या बाबतीत 70 वरचा त्रास खालच्या स्पीडला सरकला. जुन्या ग्रिप निघता निघत नव्हत्या, शेवटी पंक्चरवाल्याकडे गेलो, त्याने हवेचं नोझल ग्रिपच्या कडेत घुसवलं, ग्रिप फुग्यासारखी फुगली आणि अख्खी हातात आली. पैसे पण घेतले नाहीत. नवीन चढवताना बायकोचा हेअरस्प्रे वापरला, ओला असताना ग्रिप सरकते आणि वाळला की चिकटते. बाटली अर्धी संपल्याचं तिला कळलंय.

नंतर माळशेजला गेलो. मुरबाडनंतर घाट सुरू झाला की फरक कळत होता, वळणात आतल्या बाजूची ग्रिप नुसती दाबली की गाडी आत जात होती, आधी खांदा फिरवायला लागायचा. बोगद्याच्या पलीकडे खराब पट्ट्यात बराच वेळ उभा होतो आणि कंबर बोलली नाही. उजवी करंगळी येताना टोल नाक्याच्या आसपास थोडी झोपली, ती पूर्ण गेलेली नाही. बाई म्हणतात नस बरी व्हायला वेळ घेते आणि तुम्ही अजून ग्रिप घट्ट धरता, ते बरोबर आहे, ट्रकच्या मागे असलो की धरतोच.

घरी आल्यावर सगळे बोल्ट परत टॉर्क रेंचने बघितले, पुढच्या दोघांपैकी एक जरासा फिरला. नवीन काही बसवलं की शे-दोनशे किलोमीटरनंतर हे करायलाच हवं. मग पांढऱ्या पेंट मार्करने हँडल-क्लॅम्पवर आणि दोन्ही लिव्हरच्या जागी बारीक रेघा मारल्या, सर्व्हिसिंगला गाडी गेली आणि कोणी हलवलं तर लगेच दिसेल. भाचा माझ्यापेक्षा चार इंच बुटका आहे आणि त्याला गाडी हवी असते. त्याला सांगितलंय, लिव्हर तुझ्या हाताला फिरव, परत देताना रेघेवर आणून दे, पण वरच्या चार बोल्टांना हात लावायचा नाही. त्याने लगेच विचारलं, मग माझ्यासाठी रायझर काढून ठेवाल का मामा. मी म्हटलं पेट्रोल टाकून आण, मग बघू.